पट पन्नास, आणि एक शिंपी

सहामाही परीक्षेचा निकाल फळ्यावर लागला तेव्हा शिंप्याला धक्काच बसला. सातवीत बावीस पोरं, गणितात पास फक्त नऊ. त्याची लेक उरलेल्या तेरा जणांत.

दुसऱ्याच दिवशी दुकान अर्धं उघडं टाकून तो शाळेत आला. ‘‘दाखला द्या. पोरीला शेजारच्या गावातल्या खाजगी शाळेत घालतो.’’

मुख्याध्यापकांचा चेहरा पडला. गावातली ही एकुलती एक सरकारी शाळा, पाचवी ते आठवी. पट बरोब्बर पन्नास. एकोणपन्नास झाला की शाळा बंद, असं वरून पत्रच आलं होतं.

गणिताच्या बाई तिथेच होत्या. शिंपी त्यांच्याकडे वळला. ‘‘बाई, माझं माप चुकलं तर गिऱ्हाईक अंगावर येतं. तुमचं चुकलं तर कोण येतं?’’

‘‘तुम्ही आलात की,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आता आलाच आहात तर एक तास बसा वर्गात. मग खुशाल दाखला न्या.’’

बाकावर गुडघे कसेबसे कोंबून तो लेकीशेजारी बसला. ती लाजून चूर. ‘‘बाबा, गळ्यातली टेप तरी काढायची!’’

बाई अपूर्णांकांचा भागाकार शिकवत होत्या. ‘‘दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं.’’

शिंप्याने हात वर केला. ‘‘का?’’

वर्ग खिदळला. बाई म्हणाल्या, ‘‘नियम आहे.’’

‘‘ते कळलं. पण का?’’

बाईंनी खडू खाली ठेवला. मग हसल्या. ‘‘खरं सांगू? मलाही कुणी सांगितलं नव्हतं. मी पाठ केलं.’’

बाईंनाही येत नाही, हे पोरांना नवीनच होतं. शिंप्याने टेप काढून टेबलावर पसरली. ‘‘तीन मीटर कापड आहे. पाव मीटरचा एक रुमाल. किती होतील?’’

‘‘बारा!’’ त्याची लेक ओरडली आणि उभीच राहिली. ‘‘एका मीटरात चार. म्हणून चारने गुणायचं! म्हणून उलटं करायचं!’’

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, ‘‘आणि पाऊण मीटरचा असला तर?’’ बाई तडक टेबलाशी आल्या. घंटा झाली तरी कुणी हललं नाही.

दाखला शिंप्याने मागितलाच नाही. बाईंनी त्याला दर बुधवारी बोलावलं. पुढे सुतारकाका आले, दवाखान्यातल्या नर्सताई औषधांची मापं घेऊन आल्या. पोरं बिनधास्त ‘का?’ विचारू लागली. बाईंना उत्तर आलं नाही तर सरळ म्हणायच्या, ‘‘उद्या सांगते,’’ आणि सांगायच्याही.

वर्षअखेरीस गणितात सतरा जण पास झाले, शिंप्याची लेकही. पाच राहिले, त्यांच्यासाठी बाईंनी सुट्टीतही वर्ग लावला. जूनमध्ये पट अठ्ठावन्नवर गेला. खाजगी शाळेत गेलेली तिघं परत आली होती.

शिंप्यानेही हौसेने परीक्षा दिली होती. वीसपैकी अकरा. पेपरवर पालकाची सही लागते म्हणून बाईंनी तो लेकीकडे दिला. तिने चष्म्यावरून बघावं तसं बापाकडे पाहिलं, ‘अभ्यास वाढवा’ असं लिहिलं आणि खाली ऐटीत सही ठोकली.