हौसेरावांचं शुद्धिपत्र

संघप्रिया कासारे पहाटे पळते हे बघून बेलापूरच्या सेक्टर आठने तीन वर्षांत तीन निदानं केली. पहिल्या वर्षी, हिच्यामागे कुत्रं लागलंय. दुसऱ्या वर्षी, लग्न जमत नाही म्हणून डोक्यावर परिणाम झालाय. तिसऱ्या वर्षी तिला डायबेटिस आहे असं फुटलं, आणि मग काय विचारता, अख्खा सेक्टरच डॉक्टर झाला. तळमजल्यावरच्या मालतीबाई कारल्याचा रस घेऊन जिन्यात उभ्या राहू लागल्या. "डोळे मिटून घे गं. सहा महिन्यांत सुई सुटेल."

संघप्रिया घ्यायची, तोंड वाकडं करायची, आणि वर जाऊन नेमाने सुई टोचायची. चौदाव्या वर्षी तिच्या शरीराने इन्शुलिन बनवायचं सोडलं ते सोडलं. कारलं पिऊन ते परत सुरू झालं असतं तर कारली सराफाकडे विकायला ठेवली असती. पण मालतीबाईंना हे सांगणार कोण? त्यांच्या नणंदेच्या दिराला गुण आला होता ना!

आता ती एकतीस वर्षांची होती. दिवसा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत लोकांच्या तक्रारी ऐकायच्या, पहाटे पळायचं, आणि संध्याकाळी आई दुर्गाबाई भाकऱ्या थापत असताना ओट्याशेजारच्या टेबलावर कादंबरी लिहायची. चार वर्षं लागली. नाव 'सकाळची सुई'. तिच्यातल्या स्मिताला तोच आजार, तेच पळणं, तेच शेजारी. शेवटच्या पानावर स्मिता उठते, फ्रिजच्या दारातली बाटली काढते, सुई टोचते, गुळाचे दोन खडे खिशात टाकते आणि पळायला जाते. संपलं.

ते पान म्हणजे संघप्रियाचा जीव होता. त्याला कारणही तसंच होतं. खेडजवळच्या त्यांच्या गावी, आजार नवा असताना, एका जाणत्याने मुळी दिली आणि सुई बंद करायला सांगितली. पोर रडत होती, आईला दया आली, सुई बंद झाली. तिसऱ्या रात्री दुर्गाबाईंनी बेशुद्ध पोरीला एसटीत मांडीवर घेऊन मुंबई गाठली. त्या प्रवासाबद्दल त्या माउलीने सतरा वर्षांत एक अक्षर काढलं नव्हतं. म्हणून ते पान. कुणीतरी कुठेतरी ते वाचावं आणि सुई फेकू नये, एवढंच संघप्रियाला हवं होतं. बाकी बक्षीस-बिक्षीस मिळालं तर वाईट नाही.

कादंबरी छापणार होते हौसेराव. माणूस मोठा हौशी. तुर्भ्यात छापखाना, एक साप्ताहिक, साहित्य मंडळाचं अध्यक्षपद, आणि आता दौडसुद्धा. त्यांच्या छापखान्याची ख्याती अशी की पुस्तकात मजकूर असो-नसो, शेवटी शुद्धिपत्र असायचंच. एका कवीच्या संग्रहाला कवितांपेक्षा शुद्धिपत्राची पानं जास्त होती, आणि जाणकारांच्या मते तीच बरी होती.

हौसेरावांनी हस्तलिखित वाचलं, निदान शेवटचं पान तरी वाचलं. म्हणाले, "ताई, सगळं झकास. शेवट तेवढा पॉझिटिव्ह करा. स्मिताला सुई फेकू द्या."

"फेकली तर ती चार दिवसांत मरेल."

"मग पाचवा दिवस दाखवू नका!"

संघप्रियाने सांगितलं, कव्हर बदला, माझा फोटो उलटा छापा, पण शेवटच्या पानाला हात लावायचा नाही. हौसेरावांनी छातीवर हात ठेवला. "शब्द दिला, ताई." शब्दच तो. छापखान्यात टोपलीभर पडलेले असतात.

सत्त्याण्णवच्या डिसेंबरात, पहिल्या रविवारी दौड आणि प्रकाशन एकाच मांडवात उरकायचं ठरलं. शुक्रवारी हौसेरावांच्या साप्ताहिकाचा विशेषांक निघाला. त्यात कादंबरीचं शेवटचं प्रकरण छापलं होतं. अंक उरणपासून ऐरोलीपर्यंत पोचला, फक्त लेखिकेला मिळाला नाही. लेखकाला त्याची प्रत वेळेवर मिळायला लागली तर मराठी साप्ताहिकं बुडतील की!

दौड कळंबोलीच्या लोखंड बाजारापासून बेलापूरपर्यंत, दहा किलोमीटर. पळायचं म्हणून संघप्रियाने सकाळची सुई अर्धीच घेतली होती, उरलेली जेवणाआधी घ्यायची होती. ट्रकवाले चहाचे ग्लास हातात धरून बायकांचं पळणं बघत होते. खारघरच्या उजाड रस्त्याला लागल्यावर तिच्या ओठांना मुंग्या आल्या, गुडघे कापायला लागले. साखर उतरली. ती थांबली, गूळ तोंडात टाकला. पाण्याच्या टेबलामागचे गृहस्थ ओरडले, "अहो मॅडम, डायबेटिस ना तुमाला? गूळ काय खाताय? टेन्शन येतं हो आमाला!"

"खाल्ला नाही तर इथंच आडवी होईन. मग उचलायचं टेन्शन घ्या," ती म्हणाली आणि पुढे निघाली.

बायकांत ती तिसरी आली. बायका चारच होत्या, आणि चौथीची चप्पल तुटली होती, हेही सांगून टाकलेलं बरं.

मांडवात कापडी फलक होता: 'मधुमेहाला धूळ चारणारी रणरागिणी.' पहिल्या रांगेत दुर्गाबाई बसल्या होत्या, मांडीवर स्टीलचा डबा. डब्यात बर्फ, आणि बर्फात लेकीचं इन्शुलिन. शेजारी मालतीबाई, ठेवणीतल्या साडीत. शाल झाली, श्रीफळ झालं, आणि हौसेराव माइकपाशी गेले. म्हणाले, "या महान कलाकृतीचा शेवट मी स्वतः वाचतो."

आणि वाचला. "'स्मिता खाडीच्या पुलावर उभी राहिली. तिने ती सुई पाण्यात भिरकावली. कारल्याच्या रसाने आणि मनाच्या निर्धाराने तिने रोगावर कायमचा विजय मिळवला होता!'"

टाळ्यांचा कडकडाट. मालतीबाई तर हुंदके देऊन रडल्या, त्यांचं कारलं साहित्यात पोचलं होतं. दुर्गाबाई तेवढ्या डबा घट्ट धरून लेकीकडे बघत राहिल्या.

संघप्रियाने माइककडे हात केला. ती अर्धवट उठली. हौसेरावांनी हसऱ्या चेहऱ्याने तिचा हात दाबला आणि पुटपुटले, "नंतर बोलू, ताई. पाहुणे बसलेत. पुढच्या आवृत्तीत बघू."

आणि ती खाली बसली. खोटं कशाला बोला, बसली. अंगावर शाल होती, समोर तिच्या नावाच्या पुस्तकांची चळत होती, चार वर्षांचं काम होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा सेक्टर आठ तिच्यासाठी टाळ्या वाजवत होता. एवढ्याशा शालीत माणूस कसा गुंडाळला जातो! विक्री सुरू झाली, ती सह्या करायला लागली. शेजारी हौसेराव विकत घेणाऱ्यांची नावंपत्ते वहीत टिपत होते, पुढच्या अंकात 'आमचे ग्रंथप्रेमी' म्हणून छापायला.

पन्नासेक सह्या झाल्यावर समोर एक बुरखा घातलेली बाई आली. हातात विशेषांकाची घडी. सोबत नऊ-दहा वर्षांची मुलगी, तोंडाला पाण्याची बाटली लावलेली.

"बाय, मी अख्तरुन्निसा. उरनच्या मोऱ्याशन आलो आमी, सकालच्या पयल्या गाडीनं," ती म्हणाली. "तुमची गोष्ट वाचली. ही बुशरा. हिला पन तुमचाच आजार हाय, सा मयने झाले. रोज रडते सुईला. तुमचं वाचलं नि कालपासून बंद केली सुई. कारल्याचा रस देते. तुमी हात ठेवा हिच्या डोक्यावर."

संघप्रियाने हात ठेवला नाही. ती वाकली आणि पोरीच्या तोंडाजवळ नाक नेलं. नासलेल्या फळाचा वास. तिला तो वास ओळखीचा होता, इन्शुलिन बंद झालं की येतो तो. मुलीने बाटली संपवली आणि म्हणाली, "अम्मी, पोटात दुखतंय. अजून पानी."

"इन्शुलिन कुठंय हिचं?"

"हाय ना पिशवीत, थर्मासमदे. टाकायला जीव झाला नाय."

"देवा, किती शहाणी आहेस गं तू बाई," संघप्रिया म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं. "आत्ता टोच. आत्ताच्या आत्ता. मग डॉक्टरकडे जाऊ."

बुशराने दोन्ही हात पाठीमागे लपवले. "मी नाय घेनार. गोष्टीतल्या ताईनं फेकली. मी का घेऊ?"

झालं! पोरगी बरोबरच बोलत होती. छापलेलं होतं, आणि खाली संघप्रिया कासारेचं नाव होतं.

संघप्रियाने मान वर करून आईकडे बघितलं. दुर्गाबाईंना काही सांगावं लागलं नाही. त्या डबा घेऊन तरातरा व्यासपीठावर चढल्या. हौसेराव मध्ये आले, "अहो आई, हे इथं नको, लोक काय म्हणतील..."

"बाजूला हो रे," दुर्गाबाई म्हणाल्या. "एकदा ऐकलंय मी लोकांचं."

भर मांडवात, रणरागिणीच्या फलकाखाली, संघप्रियाने शाल खुर्चीवर टाकली, बाटलीतून औषध ओढलं, सदऱ्याचं टोक वर केलं आणि पोटाला सुई टोचली. तिसऱ्या रांगेत कुणीतरी "शी शी" केलं. माइक चालूच होता.

"बघ," ती बुशराला म्हणाली. "गोष्टीतल्या ताईनं फेकली नाही. ती रोज घेते. ते पान खोटं आहे. माझं नाव आहे त्याच्यावर, तरी खोटं आहे."

"दुखतं तुला?"

"रोज दुखतं. सतरा वर्षं झाली."

मुलीने विचार केला. मग एक हात पुढे काढला.

पुढचं सगळं रिक्षात आणि दवाखान्यात झालं. जेवण राहिलं म्हणून संघप्रियाने रिक्षातच आईजवळचा गूळ आणि भाकरी खाल्ली. डॉक्टरांनी बुशराला तीन दिवस ठेवून घेतलं. सगळ्यांना मिळून शिव्या घातल्या, आणि म्हणाले, "उद्या आणली असती तर माझ्याकडे आणायचंच कशाला होतं?"

हौसेराव नाराज झाले. कार्यक्रमाचा विचका केला म्हणाले. हजार प्रती रद्दीत घालणं त्यांना परवडणारं नव्हतं, पण दवाखान्यातली हकीकत ऐकून घाबरले होते, म्हणून शेवटी जे त्यांना येत होतं तेच दिलं: शुद्धिपत्र, साप्ताहिकातही आणि पुस्तकात चिकटवायच्या चिठ्ठ्यांवरही. शब्द संघप्रियाचे. 'शेवटचं पान चुकीचं आहे. स्मिताने सुई फेकली नाही. टोचून घेतली, गूळ खिशात टाकला आणि पळायला गेली. तुम्हीही फेकू नका.' छापखान्याच्या इतिहासात पहिल्यांदा शुद्धिपत्रात चूक नव्हती, कारण खिळे जुळवताना दुर्गाबाई डोक्यावर उभ्या होत्या.

छापखान्यातल्या प्रतींत चिठ्ठ्या चिकटवल्या. प्रश्न मांडवात विकलेल्या दोनशे बारा प्रतींचा होता. पण ग्रंथप्रेमींची यादी पत्त्यांसकट छापली होती, हौसेरावांची हौस एकदा तरी कामाला आली. संघप्रिया रोज पहाटे कमरेच्या पिशवीत गूळ आणि चिठ्ठ्या घेऊन निघायची. दारं वाजवायची, लोक जांभया देत, वैतागत पुस्तक शोधायचे, ती उभ्याउभ्या चिठ्ठी चिकटवायची. मालतीबाई रुसल्या. "माझ्या प्रतीत राहू दे की फेकलेलीच." मग बुशराचं सगळं ऐकल्यावर स्वतः खळ घेऊन आल्या, आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात पुन्हा रस घेऊन उभ्या. "सुईबरोबर घे. सुई सोड म्हणतंय कोण?"

दोनशे अकरा झाल्या. यादीत शेवटचं नाव राहिलं: 'एक हितचिंतक, खारघर.' ना घर नंबर, ना बिल्डिंग. खारघरला तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या इमारती राहत्या होत्या, पण दर महिन्याला नवी उभी राहायची, नवी बिऱ्हाडं यायची. दौडीला दीड वर्ष झालं, तरी दर रविवारी संघप्रिया खारघरला पळत जाते. घामाघूम अवस्थेत बेल वाजवते. लोक आधी घाबरतात, मग दार अर्धं उघडतात. तिचा प्रश्न ठरलेला असतो.

"'सकाळची सुई' आहे का तुमच्याकडे? आणि घरात कुणी सुई घेतं का?"