साडेसातवरून खाली

रविवारी सकाळी साडेअकरा वाजता प्रभाकर केळकर यांनी डोंबिवलीतल्या एका सायबर कॅफेत बसून आपल्या पत्नीच्या चित्रपटाला दहापैकी एक गुण दिला. साल १९९९.

चित्रपट जुना, कृष्णधवल. सुमेधाबाईंनी आयुष्यात तेवढ्याच एका चित्रपटात काम केलं होतं, लग्नाआधी. दिग्दर्शकाने नायक म्हणून बाळकुमचा एक कोळी घेतला, परशुराम. त्याला अभिनय येत नव्हता. होडी वल्हवताना तो फक्त तिच्याकडे पाही. केळकरांनी दूरदर्शनवर ते एकदा पाहिलं. त्यानंतर लोकलमधून जाताना खाडीचा पूल आला की ते वर्तमानपत्र उघडत.

फिल्म सोसायटीच्या रौप्यमहोत्सवात जुना मराठी चित्रपट दाखवायचा होता. समितीत भांडणं लागली, तेव्हा खजिनदार केळकरांनीच तोडगा सुचवला: इंटरनेटवर प्रेक्षकांनी किमान सात गुण दिलेलाच चित्रपट घ्यायचा. ठराव मंजूर झाला आणि त्यात बसला हा एकच. आठ मतं, सरासरी साडेसात. परशुरामला व्यासपीठावर सुमेधाबाईंच्या शेजारी बसवायचं ठरलं. शनिवारी त्यांनी ठेवणीतली साडी इस्त्रीला दिली.

"तो आता कसा दिसत असेल हो?" त्यांनी विचारलं होतं.

सोमवारी सोसायटीची सचिव उत्तरा घरी आली. "काका, रेटिंग घसरलंय! सहा पूर्णांक आठ. कुणीतरी चक्क एक दिलाय. कोण जळतंय हो एवढं?"

"असतात लोक," केळकर म्हणाले.

"शुक्रवारी समिती बसतेय. ठराव तुमचाच, मोडायचा कसा?"

सुमेधाबाई हात पुसत बाहेर आल्या. चित्रपट लागला तेव्हा त्या टायफॉइडने अंथरुणावर होत्या. स्वतःला मोठ्या पडद्यावर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"अहो, तुमचं ईमेल आहे ना? तुम्ही दहा द्या की."

"द्या काका. एका ईमेल पत्त्यावर एकच मत. आधी दिलेलं असेल तर पान उघडलं की तेही दाखवतं."

"हे कुठले देतायत! सिनेमा म्हटलं की यांचं डोकं दुखतं."

"पासवर्ड विसरलोय मी," केळकर म्हणाले.

"मुलीच्या नावापलीकडे तुम्हाला काय सुचणार? चला, मी पण येते."

मंगळवारी संध्याकाळी सुमेधाबाईंनी कॅफेत त्यांच्या शेजारी स्टूल ओढलं, चष्मा लावला. केळकरांनी पत्ता टाइप केला, पासवर्ड टाइप केला. पान वरून एकेक ओळ उघडू लागलं. चित्रपटाचं नाव आलं. मग परशुरामचं, त्याखाली तिचं. गुणांची ओळ अजून यायची आहे.