१२३४५६७८९१ ला भाग जात नाही

मी एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे एक्क्याण्णव बोलतोय. वाचता वाचता दमलात? लिहायला सोपा आहे. एक ते नऊ ओळीनं, शेवटी पुन्हा एक.

मी मूळसंख्या. मला भाग जातो तो एकानं, नाहीतर माझ्यानंच. तिसऱ्याची टाप नाही. डोंगर-समुद्र व्हायच्या आधीही मी असाच होतो. माझा अलीकडचा शेजारी, शेवटी शून्यवाला, दोन, तीन, पाच, नऊ, जो येईल त्याच्यापुढं वाकतो. पलीकडचा तर साधा सम. मधे मी. गर्व आहे, नाही कशाला म्हणू?

माणसांच्या तावडीत सापडलो तो पडेगावात, विश्वजीत सरांच्या क्लासात. कुणी बोलताना दिसलं की सर मनाला येईल तो आकडा फळ्यावर लिहायचे. "अवयव पाड. तोवर बाक नाही." आकडा आधी स्वतः तपासायची तसदी त्यांनी कधी घेतली नाही. एवढं मोठं धूड कशानं तरी भागणारच, हा त्यांचा ठाम समज. आठवीतली संस्कृती शेजारणीला पेन मागताना सापडली, आणि फळ्यावर मी उमटलो.

रोज दोन तास उभं राहायचं, भिंतीला टेकायचं नाही. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सर, ह्याला भाग नाय जात. पप्पांच्या मोबाईलवरबी मूळसंख्याच दाखवतंय."

"मोबाईल येणार का परीक्षेला? वर्गमुळापर्यंत भागून दाखव, मग मानतो."

माझं वर्गमूळ पस्तीस हजारांच्या वर. तिथवर साडेतीन हजारांहून जास्त मूळसंख्या, एकेकीनं भागायचं.

"काय उभी मूळसंख्या," मागून सत्यम म्हणायचा, "पाय भागले का न्हाई अजून?"

पोरगी भागत राहिली, मी बाकी फेकत राहिलो. खरं सांगतो, मजा आली.

नवव्या दिवशी ती सहाशेपर्यंत पोचली. घोटे सुजले होते. घरी आई, रत्नमाला, तेल चोळत म्हणाली, "सर म्हणत्यात भागतं, तर भागतं. लिही कायबी."

"खोटं हाय ते, मम्मी."

"मग ऱ्हा उभी."

दहाव्या दिवशी तिनं मला पुन्हा सातनं भागलं. बाकी चार उरली. तिनं ती खोडरबरानं पुसली आणि वही पुढं केली. सरांनी गुणून पाहिलं नाही. लाल पेनानं बरोबरची खूण केली आणि वर्गाला म्हणाले, "बघितलं? पाय दुखले की डोकं चालतं. बस."

ती बसली.

माझं काही बिघडलं नाही. सातनं मला आजही भाग जात नाही. वेळ असेल तर करून बघा. एवढ्या मोठ्या गावात नऊ दिवस माझ्या बाजूनं उभं असलेलं एकच माणूस होतं, तेवढं मात्र गेलं.

मागच्या आठवड्यात वर्गातला आकाश उभा होता, दुसराच कुठला तरी आकडा घेऊन. जाता जाता त्यानं तिला हळूच विचारलं, "तू कसं काढलंस गं?"

संस्कृतीनं वहीतून मान वर केली नाही. "सात लिही. बघत नाय ते."