उलट जोडलेली तार

सुधन्वाने गिटारच्या तारांवरून अंगठा फिरवला आणि त्याचा चेहरा उतरला.

आवाज येत होता, पण पोकळ, नाकातला, रिकाम्या डब्यातून बोलल्यासारखा. त्याने बटण पुढे सरकवलं. पुढचा पिकअप एकटा भरदार वाजला. मागचाही एकटा ठणठणीत. दोन्ही एकत्र लावले की मात्र आवाजातला जीवच निघून जायचा. चूक कुठे झाली ते त्याच्या लगेच लक्षात आलं. पिकअप म्हणजे तारांखालची चुंबकाची गुंडाळी. ती तारांची थरथर उचलून स्पीकरकडे पाठवते. त्याने नुकत्याच बसवलेल्या दोन नव्या गुंडाळ्यांपैकी एकीच्या वायरी उलट जोडल्या गेल्या होत्या. आता दोघी एकमेकींचा आवाज खात होत्या.

म्हणजे सगळं पुन्हा उघडायचं.

दिल्लीत, द्वारकेतल्या त्या फ्लॅटमध्ये तो दुपारी एकटाच होता. त्याची बायको मयुरा शाळेत शिकवून यायची होती. मुलगी इशिता मुनिरकाच्या तिच्या खोलीवरून गिटार न्यायला येणार होती. संध्याकाळी तिच्या बँडचा कार्यक्रम होता, आणि तो तिचा इथला शेवटचाच. पुढच्या महिन्यात ती पीएचडीसाठी नेदरलँड्सला निघणार होती. गिटार मूळची सुधन्वाची, कॉलेजातली. जुने पिकअप गुणगुणायला लागले, तेव्हा इशिता म्हणाली होती, "यार बाबा, दुकानात देऊ या ना." तो म्हणाला होता, "दुकान कशाला? मी करतो."

त्याला करून बघायचंच होतं. हिवाळ्यात डॉक्टरांनी त्याच्या आजाराला पार्किन्सन्स हे नाव दिलं, तेव्हापासून तो रोज काही ना काही करून बघत होता. शर्टाची बटणं, दाढी, मंत्रालयातल्या फायलींवरची सही. सही बारीक बारीक होत चालली होती. सेक्शनमध्ये अजून कुणी काही बोललं नव्हतं. इशिताला सांगायचं नाही, असं त्याने मयुराकडून वचन घेतलं होतं. तिला कळलं तर ती जायची नाही.

त्याने तारा सैल केल्या, वरचं प्लास्टिकचं झाकण उचलून पालथं केलं. वायरींना डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न पुन्हा तापायला लावलं. सकाळच्या गोळीचा असर ओसरायला लागला होता. मनगट आखडत चाललं होतं. हात चालता असला की कंप कमी असायचा. एका जागी धरून ठेवला की परतायचा. आणि सोल्डरिंगमध्ये नेमकं तेच लागतं: आवाजाच्या बटणामागचा पत्रा तापेपर्यंत टोक हलता कामा नये.

पहिल्यांदा टोक घसरलं. दुसऱ्यांदा कोपर टेबलाला दाबून धरलं, डाव्या हाताने उजवं मनगट आवळलं. तर वायर धरायला हातच उरला नाही. वायर दातात धरून तो वाकला. टोक थरथरत नव्या पिकअपच्या दिशेने सरकलं. त्या गुंडाळीची तार केसाहून बारीक. एकदा चटका बसला की संपलं. त्याने झटक्यात आयर्न बाजूला घेतलं आणि ते डाव्या हाताच्या बोटाला लागलं.

तेवढ्यात लॅचमध्ये किल्ली फिरली.

"बाबा, मी लवकरच आले. साउंडचेक आधी ठेवलाय," इशिता चपला काढता काढता म्हणाली. "झालं?"

"होतंय. तू आत जाऊन जरा पड."

ती टेबलाशी आली. पत्र्यावर सोल्डरचे काळपट गोळे साचले होते. सुधन्वाने उजवा हात मांडीवर घेतला होता आणि तो तिथे आपल्याच लयीत हलत होता. त्याने त्यावर डावा हात ठेवला. मग दोन्ही हलायला लागले.

"हे काय आहे?"

"काही नाही. उपाशी आहे ना सकाळपासून."

"बाबा."

आयर्न स्टँडवर धुमसत होतं. शेवटी त्याने आजाराचं नाव सांगितलं, ऑफिसातली एखादी नोट वाचून दाखवावी तसं.

"केव्हापासून?"

"थंडीपासून."

"आईला माहितीये?"

"हो."

इशिता खुर्चीत बसली. तिच्या डोळ्यांत पाणी येईल असं त्याला वाटलं होतं. ते आलं नाही.

"म्हणजे मी तिकडे गेल्यावर तुम्ही दोघं फोनवर 'सब ठीक' म्हणत राहिला असतात. आणि मी मूर्खासारखी खरं मानत बसले असते."

"तू गेली नसतीस, बाळा."

"ते मी ठरवलं असतं ना. तू कसं काय ठरवलंस?"

खाली गेटवर कुणीतरी गाडीचा हॉर्न दिला. त्याने आयर्नकडे पाहिलं, मग सुटलेल्या वायरीकडे.

"मला हे जमत नाहीये," तो म्हणाला. हे वाक्य गेल्या कित्येक महिन्यांत त्याने मयुरासमोरसुद्धा उच्चारलं नव्हतं. "तू करशील?"

"मी कधी केलं नाहीये."

"मी सांगतो."

तिने केस बांधले आणि आयर्न उचललं.

"या पिकअपच्या दोन वायरी. पांढरी आहे तिथे काळी लाव आणि काळीच्या जागी पांढरी. आधी पत्रा तापव. सोल्डर पत्र्याला टेकव, आयर्नला नको. थांब. अजून थांब. आता."

सोल्डर वितळून चमकली आणि वायरीभोवती पसरली.

"आयर्न काढ. वायर सोडू नको. फुंकरही मारू नको."

दोघंही श्वास धरून बसले. गोळा थंड होऊन मळकट झाला, तेव्हा तिने वायर हलकेच ओढून पाहिली. पक्की होती.

झाकण नुसतंच टेकवून तिने तारा ताणल्या, सुरात लावल्या आणि दोन्ही पिकअप एकत्र लावून छेडलं. आवाज खोलीभर पसरला, गोल आणि खणखणीत. सुधन्वाने डोळे मिटले.

"जाशील ना?" त्याने तसंच विचारलं.

"जाईन," ती म्हणाली. "पण दर रविवारी फोनवर खरं सांगायचं. गोळी बदलली तरी, पडलास तरी. आईने नाही, तू."

"बिल्कुल."

"बिल्कुल नाही. नीट सांग."

"सांगेन."

तिने कॅब बोलावली. झाकणाच्या कडेचे स्क्रू तेवढे राहिले होते. तिने स्क्रूड्रायव्हर उचलला, क्षणभर थांबली आणि तो त्याच्यापुढे ठेवला.

सुधन्वा गिटारवर वाकला. पहिला स्क्रू भोकात बसेना. टोक इकडेतिकडे चुकत राहिलं. मग एकदाचा बसला आणि हात फिरायला लागला, सावकाश. त्याने दुसरा उचलला. तो टेबलावर पडला. त्याने परत उचलला.

इशिताचा फोन वाजला. कॅब खाली आली होती.

"भैया, थोड़ा रुकिए," ती म्हणाली. "पापा काम कर रहे हैं."

तिने फोन पालथा ठेवला आणि मदतीला पुढे होऊ नयेत म्हणून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून समोर बसून राहिली.