दणक्याची शांतता

दणका त्या रॉक बँडचा ड्रमर होता, पण बँडच्या एकाही पोस्टरवर त्याचा चेहरा नव्हता. पुढे गायक, गायकामागे धूर, धुरामागे ड्रमच्या पितळी थाळ्या आणि थाळ्यांच्या फटीतून दिसणारं एक कोपर. ते कोपर दणक्याचं. म्हातारपणी बँड पुन्हा एकत्र येतोय अशी बातमी पेपरात आली, तेव्हाही जुनाच फोटो छापला होता. बायकोने चष्मा लावून तो निरखला आणि म्हणाली, "अहो, कोपर छान आलंय हं."

मधली सगळी वर्षं दणक्याने ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून तो डॅशबोर्डवर बोटं वाजवायचा. बोटांचा वेग वाढला की शिकणाऱ्याने समजून घ्यायचं, ब्रेक दाबायची वेळ झालीय.

एवढं असूनही संगीतवेडे लोक त्याला विसरले नव्हते. गंमत अशी की ते त्याच्या वाजवण्यामुळे नव्हे, न वाजवण्यामुळे. बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं भर कार्यक्रमात रेकॉर्ड झालं होतं. त्यात ऐन रंगात ड्रम अचानक बंद पडतात. गिटार एकटीच कण्हत राहते. ऐकणारा कासावीस होतो, आणि मग असा काही आघात होतो की छाती दडपावी. चाहते याला नुसतं 'शांतता' म्हणत. कुणी म्हणे, तो युद्धाचा निषेध होता. कुणी म्हणे, आई गेल्याची तार ड्रमरच्या हातात त्याच क्षणी पडली. वास्तविक त्याची आई तेव्हा पहिल्या रांगेत कानात कापूस घालून बसली होती आणि पुढे कितीतरी वर्षं ठणठणीत होती.

झालं होतं ते असं. ड्रम उंच चौथऱ्यावर मांडले होते. वाजवण्याच्या भरात स्टूल मागे सरकत गेलं आणि दणका स्टुलासकट चौथऱ्यामागे, पडदा आणि भिंत यांच्यामधल्या सांदीत गेला. कसाबसा वर चढताना तोल सावरायला त्याने हात टाकला तो थेट मोठ्या थाळीवर. तोच तो छाती दडपणारा आघात.

दणक्याने हे अनेकांना सांगून पाहिलं, पण कुणी ऐकेल तर शपथ. त्यात गायकाने आगीत तेल ओतलं. केसांमुळे सगळे त्याला झुल्फी म्हणत, आणि केस गेले तरी नाव राहिलं. झुल्फी प्रत्येक मुलाखतीत सांगायचा, "मी हात वर केला आणि त्याला थांबवलं. शांतता ही माझी कल्पना."

नव्या कार्यक्रमाच्या तालमीत दणक्याने पहिल्यांदाच काही मागितलं. "या वेळी ड्रम पुढे लावूया. गुडघे दुखतात, चौथरा नको."

"ड्रमर पुढे बसला तर मी कुठे उभा राहू?" झुल्फी म्हणाला. "तू मागेच शोभतोस. आणि ऐक, शांततेच्या जागी मी हात वर करीन. दिव्याचा झोत माझ्यावर. तू थांबायचंस."

घरी येऊन दणक्याने जेवताना चमच्याने ताट इतकं बडवलं की बायकोने ते समोरून उचललं.

कार्यक्रमाला मैदान भरलं होतं. दुसऱ्या कडव्यानंतर झुल्फी ऐटीत पुढे आला, डोळे मिटले आणि उजवा हात आकाशात उंचावला. झोत पडला. गिटार कण्हू लागली. दणका थांबला नाही.

झुल्फीने एक डोळा उघडला. हात आणखी ताणला. दणक्याने वेग वाढवला. लोकांना वाटलं, काहीतरी नवीनच चाललंय, आणि त्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. पण आता पंचाईत अशी झाली की हात खाली घेतला तर झुल्फीचं हसं होणार, आणि हात वर असताना थांबलं तर दणका हरणार. झुल्फीचा खांदा तसाही आखडलेला. त्याने डाव्या हाताने उजव्याला टेकू दिला. दणक्याचे हात भरून आले, चेहरा वांग्यासारखा जांभळा झाला, घाम डोळ्यांत उतरला. तरी दोघेही मागे हटेनात.

शेवटी विंगेतून दणक्याची बायको पायात सपाता घालून तरातरा मंचावर आली. "भावजी, हात खाली घ्या आधी! त्या माणसाला काही झालं म्हणजे?" आणि तिने झुल्फीचा हात धरून सरळ खाली ओढला.

त्याच क्षणी दणका थांबला.

मैदान चिडीचूप झालं. दणक्याला खरं तर लगेच सुरू करायचं होतं, पण त्याच्या बोटांना पेटके आले होते आणि स्टिक उचलवत नव्हती. शांतता लांबत गेली. लोक उभे राहिले. काहींनी डोळे पुसले. आता काहीतरी करायलाच हवं म्हणून दणक्याने जवळचा माइक ओढला आणि जन्मात पहिल्यांदा मंचावरून बोलला, "मंडळी, तेव्हा मी पडलो होतो. स्टुलावरून. एवढंच."

मैदान खो खो हसलं. "केवढा साधेपणा!" पुढचा एक टक्कल पडलेला चाहता ओरडला. लोकांनीच टाळ्यांचा ठेका धरला आणि त्या ठेक्यावर झुल्फीने गाणं कसंबसं किनाऱ्याला लावलं.

ग्रीनरूममध्ये झुल्फीला कोटातून हात काढता येईना आणि दणक्याला पाण्याची बाटली उघडता येईना. झुल्फीने डाव्या हाताने आणि दातांनी झाकण काढलं, दणक्याने तळहातांत त्याच्या कोटाची बाही दाबून ओढली.

"मी पडलो हे तुला ठाऊक होतं?" दणक्याने विचारलं.

"ठाऊक? मी वळून पाहिलं तर तुझे फक्त बूट दिसत होते. वर."

"मग मुलाखतीत खोटं का बोललास?"

झुल्फी खुर्चीत टेकला. "कार्यक्रम संपल्यावर तुला डोक्याला टाके घालायला नेलं होतं. पत्रकार विचारायला लागला. शेजारी वहिनींचे वडील उभे होते, मुलगा कसा आहे ते बघायला आलेले. ड्रमर उताणा पडला, असं सांगू त्यांच्यापुढे? म्हटलं, मीच थांबवलं."

बायको बामची बाटली शोधत होती, ती थांबली. "म्हणजे बाबा 'मुलगा शिस्तीचा आहे' म्हणाले होते, ते यावरून?"

"यावरूनच, वहिनी."

दणक्याने डोक्यामागचा जुना व्रण चाचपला. मग म्हणाला, "अरे, पण लग्न कधीच झालं. पुढे का सांगत राहिलास?"

"सुरुवातीची काही वर्षं तुझ्यासाठी सांगितलं," झुल्फी म्हणाला. "मग लोकांना आवडायला लागलं. मग मलाही."

दणक्याला हसू आलं; हसताना बरगड्या दुखल्या म्हणून त्याने ते अर्ध्यावरच सोडलं. बायकोने आधी त्याच्या मनगटांना बाम लावला, मग झुल्फीच्या खांद्याला.

"पुढच्या शनिवारचं मैदानही भरलंय म्हणे," झुल्फी डोळे मिटून म्हणाला. "तू थांबणारेस का?"

"आधी चौथरा काढ."

"बरं, काढतो. पण पुढे नाही हं, माझ्या शेजारी."

"शेजारी चालेल," दणका म्हणाला आणि बाम लावायला हात बायकोपुढे पुन्हा धरला.