नांदगावचा चुलत काका

यज्ञेशने पेढ्यांचा पुडा देवेशच्या आईच्या, सुगंधाकाकींच्या हातात दिला आणि आधी ओसरीकडे पाहिले. दाजी खुर्चीत होते. पायावर पाय, हातात सुपारी, डोळे अर्धवट मिटलेले. म्हणजे ठीक.

"दाजी बरे आसत ना?" त्याने तरीही विचारले.

काकी हसल्या. गेले दोन महिने हा पोरगा मुंबईहून फोन केला की आधी दाजींची चौकशी करतो, दाजींच्या सख्ख्या नातवांना नाही एवढी माया याला, असे त्या साऱ्या वाडीत सांगत सुटल्या होत्या. पुडा घेऊन त्या देवापुढे ठेवायला आत गेल्या. यज्ञेशने मात्र पुन्हा ओसरीकडे पाहिले. दाजी चौऱ्याऐंशीचे, देवेशच्या वडिलांचे काका. फोनवर मागे त्यांचा खोकला ऐकू आला की यज्ञेशला रात्री झोप लागत नसे. माया कसली डोंबलाची! आपल्या तोंडून निघालेले खरे ठरले तर नाही ना, एवढेच तो पुन्हा पुन्हा तपासत होता.

घडले ते असे. यज्ञेश आणि देवेश दोघेही शिरोड्याचे. एकाच बाकावर शिकले, आणि मुंबईला फायनान्सच्या शेवटच्या वर्षालाही एकाच वर्गात बसले. एका मोठ्या परदेशी गुंतवणूक बँकेत दर वर्षी चार-पाच पोरे घेत आणि अर्ज येत हजारांनी. आतल्या माणसाने नाव पुढे केले तरच अर्ज कुणी उघडून वाचे, नाहीतर तो तसाच पडून राही. हे वर्गातल्या सगळ्यांना माहीत होते, पण आतला माणूस शोधला तो देवेशने. गुरुदास प्रभू त्या बँकेत वरच्या जागेवर होते आणि त्यांचे मूळ गाव शिरोडेच. देवेशने त्यांना सहा महिने पत्रे पाठवली. नोकरी द्या असे कधीच लिहिले नाही. अमुक कंपनीचा व्यवहार असा का झाला, आम्ही नेमके काय वाचावे, असले प्रश्न विचारले. शेवटी उत्तर आले की देवीच्या जत्रेला गावी येतोय, तिथे भेटू. देवेशने ते लगेच यज्ञेशला दाखवले आणि दोघांनी मिळूनच जायचे ठरवले.

जत्रेच्या दिवशी देवेश घरी पाहुण्यांची पाने वाढण्यात अडकला होता. गुरुदासदादा मोकळे झाले की फोन कर, मी दोन मिनिटांत पोचतो, असे त्याने यज्ञेशला सांगून ठेवले. गुरुदासदादा मोकळे झाले तेव्हा यज्ञेश एकटाच देवळाच्या पायरीवर होता. त्यांनी त्याला नाव विचारले, घर विचारले आणि म्हणाले, एकच नाव पाठवता येतं रे मला, पण बोलायला दोघेही या, जेवायलाच या. जा, मित्राला घेऊन ये.

यज्ञेश फोन काढून दीपमाळेपर्यंत गेला. देवेश बोलायला लागला की समोरचा माणूस हातातले काम बाजूला ठेवतो, हे त्याने कॉलेजात कितीदा तरी पाहिले होते. एकच नाव. त्याने फोन पुन्हा खिशात टाकला आणि परत फिरला.

"तो नाही येऊ शकणार, दादा. त्यांना सुतक आलंय."

दुसरे काहीही सांगता आले असते. ताप आहे म्हणता आले असते, गावात नाही म्हणता आले असते. पण तापाचा माणूस संध्याकाळी बरा होतो आणि गावाबाहेरचा परत येतो. सुतकातला माणूस दहा दिवस देवळात येत नाही, दुसऱ्याच्या पानावर बसत नाही आणि त्याला कुणी बोलावतही नाही. गुरुदासदादांनी हळहळून मान हलवली आणि यज्ञेशला जेवायला नेले. देवेशला यज्ञेशने सांगितले की दादांना वेळच नव्हता, गाडीत बसले आणि गेले.

नोकरी यज्ञेशला लागली. देवेशचा अर्ज कुणी वाचलाही नाही. परीक्षा संपताच तो गावी आला आणि आता वडिलांच्या नारळांच्या धंद्यात हातभार लावत होता.

आत्ताही तो मागच्या अंगणात जमिनीत रोवलेल्या पहारीवर नारळ सोलत होता. यज्ञेश जाऊन जोत्यावर बसला. देवेशने अभिनंदन केले, पगार विचारला, राहायचे कुठे ते विचारले. सोललेल्या सालीचे सोडण लांब फेकले, नारळ ढिगावर ठेवला, दुसरा घेतला. यज्ञेश एकेका शब्दात उत्तरे देत राहिला. येताना बसमध्ये त्याने पहिले वाक्य तयार केले होते. ते काही केल्या आठवेना.

"देवेश, त्या जत्रेच्या दिसा…"

"माका म्हायत आसा."

देवेशने मान वर केली नव्हती. नारळ पहारीवर दाबला, पिळला, सोडण फाटल्याचा आवाज आला.

"चौथ्या दिसाक गुरुदासदादांचो फोन इल्लो माका. समाचाराक. 'कोण गेले रे?' म्हणून विचारल्यानी."

यज्ञेशला तोंड वर करता येईना. सुतक सांगितले की समाचाराला माणूस येतो, निदान फोन तरी करतो. शेंबड्या पोराला कळते ते. आणि एवढा शिकलेला आपण, ते आपल्याला सुचले नाही.

"मगे?"

"मगे काय. आधी कायच समाजला नाय. मगे समाजला. सांगलंय, नांदगावचो चुलत काको."

"नांदगावाक तुमचो…"

"कोण नाय."

आतून काकींनी चहा टाकू का म्हणून विचारले. देवेशने टाक म्हणून सांगितले, कपाळाचा घाम दंडाला पुसला आणि पुन्हा वाकला. मग त्याच सुरात, घरच्या कामाचे सांगावे तसे सांगितले. समाचार झाल्यावर दादांनी यज्ञेशबद्दल विचारले होते. पोरगा कसा आहे, विश्वासाचा आहे का, तू त्याला लहानपणापासून ओळखतोस, म्हणून तुलाच विचारतो.

"तू काय सांगलस?"

"बरो आसा म्हणान सांगलंय."

यज्ञेशचे डोळे भरले. त्याला शिवी हवी होती. कानफटात हवी होती. ती घेऊन तो मोकळा होऊन घरी गेला असता.

"कित्याक, देवेश? खरा सांगलं असतस तर तुझा काम झाला असता."

"नसता झाला." देवेश आता पहिल्यांदाच थांबला. "एकान दुसऱ्याच्या घरात मरण घातल्यान, दुसऱ्यान त्याची चुगली केल्यान. दादांनी दोघांचाय नाव काढून टाकला असता. शिरोड्याचा पोर म्हटला की परत कोणाचो फोन उचललो नसतो. आता निदान एक तरी आत गेलो."

देवेशने आणखी एक नारळ सोलून काढला.

"पुढच्या वर्षाक मी परत अर्ज करतलंय. दादांका आता खंयच्या तोंडान लिहू? त्या नांदगावच्या काकाचो इषय निघतलो." त्याने हातातला नारळ कानाशी धरून हलवला, पाण्याचा आवाज ऐकला आणि ढिगावर ठेवला. "तेवा माझा नाव तू पाठव."

"पाठवतंय. देवीची शप्पत घेऊन सांगतंय, मी…"

"शप्पत नको." देवेशने पुढचा नारळ उचलला. "नुसता पाठव. आणि त्यावेळी दुसरो कोण मधी इलो, तर माझ्या घरातलो माणूस मारू नको."

काकी चहा घेऊन आल्या. नोकरीवर कधी हजर व्हायचे, असे त्यांनी कौतुकाने विचारले. यज्ञेशने पंधरा तारीख सांगितली. आवाज नीट फुटला नाही म्हणून देवेशने त्याला ती पुन्हा सांगायला लावली.