चिमटा नंबर चार

उन्हाळ्यात कापसाचं जिनिंग बंद पडलं की आमचा उद्योग सुरू व्हायचा. आमच्या घरात त्याला रिकामटेकडेपणा म्हणत. जळगावातल्या तोताराम शेठच्या जिनिंगचं रिकामं गोदाम, त्यात ठिबकच्या जुन्या नळ्या टाकून आखलेला ट्रॅक, आणि त्यावर पळणाऱ्या हातभर लांबीच्या, बॅटरीच्या, रिमोटवर चालणाऱ्या मोटारी. टायर घसरू नयेत म्हणून दर रविवारी फरशीला गुळाचं पाणी फासायचं, मग मुंग्या यायच्या, मग त्या झाडायच्या. चाळिशी उलटलेली सहा माणसं हे सगळं इतक्या गंभीरपणे करत की बघणाऱ्याला हसू यावं.

एका नियमाला मात्र अपवाद नव्हता. प्रत्येक गाडीच्या रेडिओला नंबर असतो, आणि एकाच नंबरचे दोन रिमोट एकदम चालू झाले तर कुणाचं ऐकावं हे गाडीला कळत नाही. म्हणून दाराशी एक फळी, फळीवर कपडे वाळत घालायचे चिमटे, चिमट्यांवर नंबर. चिमटा खिशाला लावल्याशिवाय रिमोटचं बटण दाबायचं नाही. माझा आणि चुडामणचा नंबर एकच होता, चार. तो चालवायचा तेव्हा मी बसायचो, मी चालवायचो तेव्हा तो.

मी पंपाच्या मोटारी रिवाइंड करणारा, माझे हात जाडेभरडे. चुडामण धुळ्यात घड्याळं दुरुस्त करायचा. तिसऱ्या खांबाच्या वळणावर तो गाडी खांबापासून बोटभर अंतरावरून काढायचा आणि ती खांबाला कधी लागायची नाही. मला ते सात जन्मांत जमलं नसतं, आणि त्याचा मला राग यायचा. आता सांगायला हरकत नाही.

चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात, शेवटच्या शर्यतीत, तो पुढे होता आणि दोन फेऱ्या उरल्या होत्या. मी बारदानाच्या थप्पीमागे बसून माझ्या गाडीच्या मोटरला नवे कार्बन घालत होतो. ते बसले, आणि मी माझा रिमोट चालू केला. चिमटा चुडामणच्या खिशाला होता. विसरलो म्हणू की आणखी काही, हे माझं मलाच ठरवता आलेलं नाही. तिसऱ्या खांबावर गाडी आदळल्याचा आवाज आला, तेव्हा मी बटण बंद केलं.

चुडामण आपल्या बोटांकडे बघत उभा होता. "मना हात हालना," एवढंच म्हणाला. आपलाच हात हलला, असं त्यानं धरलं. सगळ्यांनी त्याची समजूत घातली, सगळ्यांत जास्त मी.

त्यानंतर त्यानं बायकांची बारकी घड्याळं उघडणं सोडलं, मग मोठीही. दिवाळीला दुकान बंद केलं, आणि जानेवारीत काविळीनं गेला. काविळीचा आणि मोटारीचा काय संबंध, असं मी स्वतःला रोज विचारायचो. माझ्याकडे एकच वाक्य होतं. धुळ्याच्या एसटीत बसून ते मी तीनदा पाठ केलं, तीनदा त्याच्या घरी चहा प्यालो आणि परत आलो.

पुढच्या मे महिन्यात त्याची बायको सुनंदाबाई टॉवेलात गुंडाळलेली त्याची गाडी आणि रिमोट घेऊन गोदामात आली. "एक डाव चालाडी दखाडा, भाऊ," म्हणाली; ती पळताना तिला एकदा बघायची होती. मी बॅटरी चार्ज केली, चाकांचे नट आवळले. ती माझ्या हातांकडे बघत होती.

"त्यासना हात खरंच कापे का, भाऊ?"

वाक्य ओठांवर आलं होतं. "वयानं होतं, अक्का," मी म्हणालो.

गाडी सुटली. आमच्या सहांतला निंबा फेऱ्या मोजायला नेहमीसारखा फेरीला एक चिंचोका वाटीत टाकत होता. पहिल्या फेरीत गाडी तिसऱ्या खांबापासून बोटभर अंतरावरून गेली. दुसऱ्या फेरीतही तशीच, तिसऱ्यातही.

"शालिग्राम, आज चुडामणसारखी काढतोस रे!" निंबा म्हणाला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! तेवढ्यात दाराकडे नजर गेली. चार नंबरचा चिमटा फळीवरच होता. घाईत राहिला असेल म्हणून मी खाली हातातल्या रिमोटकडे पाहिलं. त्याचा दिवा लागलेला नव्हता. बटण मी दाबलंच नव्हतं.

वाटीत चिंचोका पडला.

मग गाडीचा वेग कमी झाला. नळीवरून एक हिसका खाऊन ती ट्रॅकबाहेर आली, सावकाश गोदाम ओलांडून बारदानाच्या थप्पीमागे गेली आणि थांबली. शर्यतीआधी चुडामण तपासून बघायचा तशी तिची पुढची चाकं डावीकडे वळली, उजवीकडे वळली, पुन्हा डावीकडे. सुनंदाबाई थप्पीपर्यंत चालत गेली, वाकून तिनं मागे पाहिलं, तिथून तिसऱ्या खांबाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"त्या दिवशी तुम्ही कोठे बसेल व्हतात, भाऊ?"

चाकं हलायची थांबली.